उगमबाईंचा त्याग

घोडेगावच्या शांतीलालशेठना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून पहिल्याच खोट्यात ते गळ्यापर्यंत बुडाले. जैन स्थानकात, समाजाच्या प्रार्थनास्थळी, संघाचं जेवण होतं. बायकांच्या पंगतीत बुंदी आली आणि त्यांच्या बायकोनं, उगमबाईंनी, ताटावर हात आडवा धरला.

"का हो काकी?" वाढणाऱ्यानं विचारलं.

"अरे, मला शुगर..." एवढंच ऐकून शेठ पुरुषांच्या पंगतीतून ओरडले, "त्याग हाये तिचा! गोडाचा!"

"किती दिवसांचा?"

"जन्मभराचा!" शेठ भरात आले होते.

कारण एकच. नात टीनाचं लग्न जुन्नरच्या एका घरात ठरत आलं होतं. आजीला साखर आहे हे कळलं तर जमलेलं फिसकटेल, ही शेठची धास्ती. "आजोबा, असं कुणी काय मोडत नाय," टीना म्हणाली. पण शेठ ऐकतील तर शपथ!

खरं तर लपवावं असं काय होतं त्यात? तीन वर्षांपूर्वी उपाशीपोटी साखर तीनशेदहा निघाली, तेव्हा उगमबाई दोन दिवस रडल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे शिनोलीच्या रस्त्यानं चालायला लागल्या. गोळ्या वेळेवर, भात वाटीभर, जखम नाही ना म्हणून रोज तळपाय न्याहाळायचे, मशीनसाठी बोट स्वतःच टोचायचं. आता आकडा एकशेअठरा! बाई जिद्दीची, आपण तर मानलं बुवा.

गावाला मात्र त्यागच आवडला. दुसऱ्या दिवसापासून बायका पाया पडायला येऊ लागल्या. पहाटेचं चालणं ही साधना ठरली आणि मागून सहा जणी हात जोडून, मुकाट्यानं चालू लागल्या. एसटी स्टँडवर उगमबाईंचा भला मोठा फ्लेक्स झळकला. रविवारी स्थानकात बहुमान ठरला, आणि असं पुण्यवान घर बघायला जुन्नरची मंडळी येऊन थेट पहिल्या रांगेत बसली.

"शाल घ्यायची, हसायचं, खाली उतरायचं," शेठनी बजावलं.

"आन् स्थानकात खोटं बोलायचं? माझ्यानं न्हाई व्हायचं."

"मग टीनाचं काय?"

तिथं मात्र उगमबाई अडल्या; मशीन पिशवीत टाकून स्थानकाकडे निघाल्या.

अध्यक्षांनी शाल घातली, हातात माईक दिला. उगमबाईंनी टीनाकडे पाहिलं. पोरीनं 'बोल' म्हणून मान हलवली.

"त्यागबिग काय न्हाई," उगमबाई म्हणाल्या. "मला शुगर हाये. तीनशेदहा व्हती, एकशेअठरावर आणलीय. माझी मी! शाल त्याच्यासाठी देत असाल तर ठेवते, न्हाईतर घ्या परत."

शेठनी डोळेच मिटून घेतले. पहिल्या रांगेतून मुलाची आजी, पतासीबाई, गुडघ्यावर हात टेकत उठल्या.

"एकशेअठरा? खरंच?"

"मशीन पिशवीत हाये. दाखवू?"

पतासीबाई शेठकडे वळल्या. "शेठ, आमच्या घरात चौघांना हाये. एकाचीबी दोनशेच्या खाली येत न्हाई. टीनाला आमचा पोरगा पसंत असंल, तर आमचं पक्कं. पण एक अट हाये."

शेठनी हात जोडले. "बोला."

"लग्नाआधी दोन महिने उगमबाईंना आमच्याकडं पाठवायचं."

उगमबाईंनी खांद्यावरची शाल नीट केली. एवढ्या ताठ मानेनं उभं राहिलेलं त्यांना शेठनीही कधी पाहिलं नव्हतं.

"येते की," त्या म्हणाल्या. "पण पहाटे पाचला उठावं लागंल. सगळ्यांनी. नवरदेवानंसुद्धा!"