सासूबाई आणि उघडे बटाटे

जावई बटाटे सोलत होता आणि सासूबाई त्याच्या मागे उभ्या राहून बघत होत्या. या स्वयंपाकघरात आजवर एकाही पुरुषाने पाणी पिण्यापलीकडे काही केलं नव्हतं. सासरे तर ते पाणीही बाहेर मागवून घेत.

"सालं जरा जाड निघतायत," सासूबाई म्हणाल्या.

"पातळ काढतो, आई."

"नाही, काढा की तुम्हाला हवी तशी. मी आपलं सांगितलं."

जावई लाकूड वाळवायच्या भट्टीवर कामाला होता. ओल्या फळ्या आत रचायच्या आणि त्यांतला ओलावा बाहेर काढायचा, यातच त्याची नोकरीची सगळी वर्षं गेलेली. ओल दिसली की त्याच्या कपाळावर आठी पडे. आणि नेमकी त्याच्याच घराच्या भिंतीत ओल आली! फरशी उखडली गेली, गवंडी दर आठवड्याला 'पुढच्या आठवड्यात' म्हणू लागला आणि नवराबायकोला तिच्या माहेरी मुक्काम हलवावा लागला.

सासरी त्याला कशाचीही ददात नव्हती. चहा हातात मिळत होता, सासरे गप्पिष्ट होते, आणि सासूबाई जावयाचं ताट रिकामं म्हणून दिसू देत नव्हत्या. त्याचं दुखणं वेगळंच होतं. त्याला स्वयंपाकाची दांडगी हौस. स्वतःच्या घरी रविवारचं जेवण तोच करायचा, आणि गुणगुणत करायचा. इथे मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं की सासूबाई म्हणत, "काय हवंय? बसा तुम्ही, मी आणते." तो बसायचा. आयतं खायचा. आणि हात नुसते शिवशिवत राहायचे.

शेवटी बायकोने आईकडे रदबदली केली. "आई, रविवारी मावशी येतेय, तुला एकटीला किती ते काम! एक पदार्थ दे त्याला. एकच." सासूबाईंनी पुष्कळ विचार केला आणि बटाटे देऊन टाकले. बटाट्याचं बिघडून बिघडून काय बिघडणार, असा त्यांचा हिशेब असावा.

"हे जमलं ना, तर इथून पुढे रविवार तुझा," बायको नवऱ्याला म्हणाली. "आणि फसलं, तर घरच्या भिंती वाळेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाव काढायचं नाही. आईला मी ओळखते. आणि आणखी एक. स्वयंपाकघरात आईला कुठलीही गोष्ट एकदाच सांगायची. दुसऱ्यांदा सांगितलीस की तिला वाटतं, हा आपल्याला शिकवायला निघाला."

आता मावशींबद्दल सांगायला हवं. सासूबाईंची ही थोरली बहीण. बाई प्रेमळ, पण कुठलाही पदार्थ तोंडात घालण्याआधी दोन बोटांनी दाबून बघायची खोड. दाबायचं, मान हलवायची आणि म्हणायचं, "चव छान असते गं तुझ्या हाताला. फक्त सगळं जरा मऊ असतं." वर्षानुवर्षं हे एकच वाक्य. मावशी गेल्या की सासूबाई त्या दिवशी जेवत नसत. मऊ का होतं, हे मात्र त्यांना कधी कळलं नव्हतं, आणि घरात कोणी सांगायला धजावलं नव्हतं.

जावयाने बटाट्याचे मोठे तुकडे केले, मिठाच्या पाण्यात उकळले, निथळले आणि त्यांतली वाफ पुरती जाऊ दिली. मग पातेलं धरून खळखळ हलवलं, म्हणजे कडा खरबरीत झाल्या. ट्रेमधलं तेल आधीच ओव्हनमध्ये कडकडीत तापलेलं होतं. त्यात बटाटे पडताच जो आवाज झाला, तो ऐकून सासरे बाहेरून ओरडले, "काय जळलं?"

"काही नाही बाबा, व्हायला लागलंय!"

बटाटे झाले. असे झाले की बघत राहावं. वरून खरपूस, सोनेरी, नखाने टकटक केलं तर टकटक वाजतील असे. जावयाचा जीव सुपाएवढा झाला. आणि तेवढ्यात मावशींचा फोन आला की निघतेच आहे. मावशींचं 'निघतेच आहे' म्हणजे अजून केस विंचरायचे आहेत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यात ओव्हन सासूबाईंच्या पावासाठी रिकामा करून द्यायचा होता. जावयाने बटाटे एकाला एक चिकटू न देता जाळीवर मांडले, जाळी ओट्यावर ठेवली आणि अगदी अदबीने म्हणाला, "आई, हे असेच उघडे राहू देत हं. झाकले की वाफ धरते आणि मऊ पडतात."

"हो, हो," सासूबाई म्हणाल्या.

झालं. एकदा सांगायचं ते सांगून झालं.

तो शर्ट बदलून आला तर बटाट्यांवर भलंमोठं झाकण. उचललं तर आतून पाण्याचे थेंब टपटपले. पाव अजून फुगत होता तेवढ्यात त्याने बटाटे पुन्हा ओव्हनमध्ये ढकलून कडक करून घेतले, झाकण मांडणीत परत ठेवलं आणि हात धुवायला गेला. आला तर झाकण पुन्हा वर!

सासूबाई हट्टाने करत होत्या असं मुळीच नाही. उघडं अन्न दिसलं की त्यांचा हात आपण होऊन झाकणाकडे जाई. बोलता बोलता जाई, फोनवर असताना जाई. जावयाचं म्हणणं त्यांनी ऐकलं होतं, पटलंही असेल, पण हाताला कोण सांगणार? उलट दुसऱ्यांदा झाकताना त्यांच्या मनात आलं, की बिचारा विसरला वाटतं झाकायला. चारचौघांत कशाला बोला, म्हणून त्या गप्प राहिल्या. आणि दुसऱ्यांदा सांगायची चोरी म्हणून जावईही गप्प. तो काढत होता, त्या ठेवत होत्या, आणि दोघं एकमेकांकडे बघून गोड हसत होते.

अखेर पाव ओव्हनमध्ये सरकवून सासूबाई वाटाणे आणायला बाहेर गेल्या, तेव्हा जावयाने एक धाडस केलं. मांडणीतली झाडून सगळी झाकणं उचलली आणि बाथरूममधल्या कपडे धुवायच्या मशीनमध्ये, पडून असलेल्या टॉवेलांखाली नेऊन दडवली. पाहुणे यायच्या दिवशी कपडे कोण धुणार?

सासूबाई परत आल्या. त्यांचा हात मांडणीकडे गेला आणि रिकामाच परत आला. त्यांनी खाली बघितलं, वर बघितलं, सिंकमध्ये बघितलं. मग बाहेर जाऊन सासऱ्यांच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून आणलं आणि बटाट्यांवर पसरलं.

सासरे मागोमाग आत आले. "अगं, अर्धी बातमी राहिलीय माझी!"

"झाकणं सापडत नाहीयेत," सासूबाई म्हणाल्या.

"कुठली?"

"सगळी."

सासऱ्यांचे डोळे चमकले. ते कारखान्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या वाट्याला हरवलेली वस्तू म्हणून आली नव्हती. त्यांनी आधी आपलं वर्तमानपत्र उचलून काखेत मारलं, मग एक बटाटा तोंडात टाकला, आणि चौकशी सुरू केली.

"शेवटची कुणी बघितली?"

"मीच. आत्ता तर होती."

"नंतर आत कोण आलं?"

"कोण येणार? मी आणि जावईबापू."

"फर्मास झालेत हो बटाटे," सासरे म्हणाले आणि जावयाकडे वळले. "तुम्ही पाहिलीत का झाकणं?"

"कुठली झाकणं?" जावई म्हणाला. सासऱ्यांशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. त्याचे कान लाल झाले. सासऱ्यांनी ते कान नीट बघून घेतले, पण वरकरणी काही बोलले नाहीत. तपास चालूच आहे असं दाखवायला त्यांनी उंच फळीवरचा डबा खाली ओढला. डब्यामागची तेलाची बाटली त्याच्याबरोबर आली आणि ओट्याच्या कडेला घडी घालून ठेवलेल्या नव्या टेबलक्लॉथवर आडवी झाली.

"बाबा!" बायको ओरडली. "हाच घालायचा होता टेबलावर! थांबा, मावशी येईपर्यंत होईल धुऊन." तिने तो उचलला आणि बाथरूमकडे पळाली. 'अगं, नको' म्हणायला जावई पुढे सरसावला, पण काय कारण सांगणार होता? मशीनचं दार धाडकन बंद झाल्याचं ऐकू आलं आणि नेमकी त्याच क्षणी घंटी वाजली. मावशी!

मावशी आत आल्या, चपला काढल्या, "बाई, काय ऊन म्हणायचं" एवढं म्हणाल्या, आणि बाथरूममधून आवाज सुरू झाला. आधी ठण्ण. मग ठणाण्. मग असा काही खणखणाट, की मावशींनी कानांवर हात ठेवले.

"अगं, घरात कारखाना काढलायस की काय?"

सगळे बाथरूमकडे धावले. मशीन थरथरत थरथरत जागा सोडून दाराकडे निघालं होतं. सासऱ्यांनी त्याला मिठी मारली आणि तेही त्याच्याबरोबर थरथरू लागले. "ब-ब-बटण बंद करा!" जावयाने बटण बंद केलं. मशीन थांबलं, पण दार काही लगेच उघडेना. सगळे गोल करून उभे राहिले. काचेमागे फेसाचं पाणी हेलकावलं, टेबलक्लॉथ बाजूला झाला आणि एक मोठं झाकण हळूच वर येऊन काचेला टेकलं.

"हे तर माझं झाकण," सासूबाई म्हणाल्या.

जावयाला वाटलं, आपण याच पाण्यात विरघळून जावं. "मी ठेवली, आई," तो कसाबसा म्हणाला.

सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग थोरल्या बहिणीकडे बघितलं. घरातलं काय ते घरात, पण ताईसमोर जावयाची शोभा होऊ देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

"मीच सांगितलं होतं ठेवायला," त्या शांतपणे म्हणाल्या.

"झाकणं? मशीनमध्ये?" मावशींनी विचारलं.

"हो. छान निघतात."

मशीनचं दार उघडेपर्यंत, झाकणं पुसेपर्यंत, सासऱ्यांचा श्वास जागेवर येईपर्यंत बराच वेळ गेला. त्या सगळ्या वेळात स्वयंपाकघरात चिटपाखरूही नव्हतं, आणि बटाटे आपल्या जाळीवर निवांत, मोकळे, वारं खात पडले होते. पाव निघाल्यावर जावयाने त्यांना ओव्हनची शेवटची ऊब दिली, वरून मीठ भुरभुरलं आणि ट्रे थेट टेबलावर आणला.

मावशींनी एक बटाटा उचलला. दोन बोटांत धरून दाबला. तो दबला नाही. त्यांनी पुन्हा दाबला. मग दातांखाली धरला, आणि कर्रर्र असा आवाज टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. त्यांनी दुसरा घेतला. मग तिसराही मुकाट्याने घेतला.

"हे कोणी केले गं?"

जावयाने तोंड उघडलं. रविवार, ओव्हन, गुणगुणणं, सगळं त्या एका उत्तरावर होतं. पण त्याची नजर सासूबाईंकडे गेली. त्यांच्या हातातला चमचा अधांतरी राहिला होता आणि चेहऱ्यावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'मऊ' हा शब्द न ऐकलेल्या माणसाचा भाबडा आनंद होता. तो बघून त्याला गलबलून आलं.

"आईंनी केले," तो म्हणाला.

सासऱ्यांना ठसका लागला. बायकोने टेबलाखालून नवऱ्याच्या पायावर पाय दिला आणि कुजबुजली, "गेला तुझा रविवार."

"जाऊ दे," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाईट वाटलं नाही.

"त्यात काय एवढं," सासूबाई म्हणाल्या. "साधे बटाटे तर आहेत."

"साधे कसले!" मावशी म्हणाल्या. "जमलं बाई तुला एकदाचं. पुढच्या महिन्यात सगळं खानदान माझ्याकडे जमतंय ना, तेव्हा बटाटे तू करायचेस. माझ्याच स्वयंपाकघरात, गरमागरम."

"करीन की," सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

मावशी गेल्यावर त्यांनी जावयाला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "आता सांगा बरं पहिल्यापासून. दोनदा सांगितलंत तरी चालेल."

त्याने सांगितलं. उकळणं, निथळणं, वाफ जाऊ देणं, पातेलं हलवणं, तापलेलं तेल. सासूबाई शहाण्या विद्यार्थिनीसारख्या ऐकत होत्या.

"समजलं. आणि झाले की?"

"झाले की उघडे ठेवायचे."

"किती वेळ?"

"खाईपर्यंत."

"अजिबात नाही झाकायचे? थोडेसे?"

"थोडेसेही नाही, आई."

जाळीवर दोन बटाटे उरले होते. सासूबाई त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. बघता बघता त्यांचा उजवा हात ओट्यावरच्या ताटलीकडे निघाला. तो त्यांनी डाव्या हाताने धरून थांबवला आणि लांब सुस्कारा सोडला.

"माझ्याच्याने नाही व्हायचं हे. तुम्ही चला माझ्याबरोबर ताईकडे. मी तिला बाहेर बोलण्यात गुंतवते, तुम्ही आत उरकून घ्या."

"येतो की. पण मावशींचा ओव्हन मला नवा, हात बसायला हवा. आधी इथे सराव करायला लागेल."

"करा ना. दर रविवारी करा," सासूबाई म्हणाल्या. दाराशी जाऊन त्या थबकल्या, आणि मागे वळून त्याला बजावलं, "फक्त आत आलात की आतून कडी लावून घेत जा. मी कितीही ठोठावलं तरी काढू नका."