परिपत्रक क्रमांक सातचे तंतोतंत पालन

१९९६ साली आमच्या विद्यापीठाने ठरवले, की प्राध्यापकांच्या टेबलावरच्या संगणकांनी स्वतःजवळ काहीही ठेवू नये. सगळे काम तळघरातल्या मध्यवर्ती सर्व्हरवर जमा व्हावे. समितीचा अध्यक्ष मी. परिपत्रक क्रमांक सात मीच लिहिले : ‘खासगी प्रत बाळगणे हा संस्थेवरील अविश्वास समजण्यात येईल.’ हे वाक्य मला इतके आवडले, की मी ते बायकोलाही वाचून दाखवले.

विरोध केला तो एकट्या इन्तिसारबाईंनी. अन्फूशी बंदरातल्या कोळ्यांच्या बोलीचा शब्दकोश त्या अकरा वर्षे करत होत्या.

“डॉक्टर रऊफ, माझं मशीन माझ्या डोळ्यांसमोर असतं. तुमच्या तळघराची किल्ली कुणाकडे?”

“बसयूनीकडे. जबाबदार माणूस आहे.”

“आणि तो गावी गेला की?”

“बाई, जरा व्यवस्थेवर विश्वास ठेवायला शिका!”

त्या शिकल्या. डिस्क रिकामी केली, फ्लॉप्याही माझ्या स्वाधीन केल्या. मी त्या नियमानुसार पुसून ग्रंथालयाला दिल्या.

ईदच्या सुट्टीत तळघरातली पाण्याची लाइन फुटली. पहारेकऱ्याला चार दिवस पाण्याचा आवाज येत होता. पण किल्ली बसयूनीकडे आणि बसयूनी गावी. सर्व्हर बुडाला. राखीव प्रतींच्या टेपा, सोयीसाठी, त्याच्याच खालच्या कप्प्यात होत्या.

चौकशीला पुन्हा माझीच समिती. निष्कर्ष समाधानकारक निघाला : तेहतीसपैकी बत्तीस प्राध्यापकांचे काम सुरक्षित होते, कारण बत्तीसही जणांनी चोरून प्रती ठेवल्या होत्या. ‘वैयक्तिक पातळीवर पुरेशी दक्षता न घेतल्याबद्दल’ उरलेल्या एका व्यक्तीला लेखी समज देण्याचे ठरले.

पत्र द्यायला मी स्वतः बंदरावर गेलो. इन्तिसारबाई नवी वही उघडून एका म्हाताऱ्या कोळ्यापाशी बसल्या होत्या.

“अहो बाई, या वाऱ्याचं नाव सांगितलं होतं की मागे!”

“परत सांगा, आबा. आणि त्याच्या आधी सुटतो त्याचं?”

“ते सालेमला ठाऊक. तो गेला तीन वर्षांमागे.”

बाईंनी वहीत एक ओळ कोरी सोडली. मग पत्र वाचले, पोच म्हणून सही केली.

“डॉक्टर, तुमची प्रत कुठे होती हो?”

“सासूबाईंकडे.”

“त्यांना परिपत्रक दाखवलं होतंत?”

मला हसू आले. तुम्हालाही आले असेल. आपण बत्तिसांतलेच ना!