एक फळी की दोन

बर्फाच्या डोंगरावर सुट्टीला जायचं, हे सगळ्यांना एका मिनिटात पटलं. तिथे जाऊन घसरायचं कशावरून, यावर मात्र चष्मेवाल्यांच्या घरात पुढे महिनाभर जेवणं थंड होत राहिली.

वाद दोघांचा होता. एका बाजूला चष्मेवाल्यांची बायको, एका शाळेची मुख्याध्यापिका. दुसऱ्या बाजूला त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, ज्यांची ड्रायव्हिंग स्कूल होती. दोघांचाही धंदा दुसऱ्याला शिकवण्याचा, त्यामुळे एकमेकांकडून शिकायला दोघंही तयार नसत. गाडी कुठे लावावी, कलिंगड कसं निवडावं, कुरकुरणाऱ्या दाराला तेल घालावं की बिजागरीच बदलावी, असा एकही विषय नव्हता ज्यावर त्यांचं एकमत झालं होतं.

मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, स्की हाच माणसाचा खेळ. दोन पायांना दोन फळ्या, हातात दोन काठ्या आणि तोंड समोर. स्नोबोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला जखडतात, तोंड एकीकडे आणि जाणं दुसरीकडे. "खेकडा करतो ते," त्या म्हणाल्या, "माणसाने कशाला करायचं?"

साडूंचं म्हणणं नेमकं उलट. एक फळी म्हणजे एकच गोष्ट सांभाळायची. स्कीवर दोन फळ्या आणि दोन काठ्या अशी चार माणसांची वरात घेऊन उतरायचं. "आणि दोन फळ्यांचं आपसात पटलं नाही ना ताई," ते मेहुणीबाईंना म्हणाले, "तर मधला माणूस फाटतो."

मधला माणूस त्या वेळी समोर बसून मुकाट्याने पोळी खात होता.

दोघंही अनुभवाने बोलत होते. बाई कॉलेजच्या सहलीत स्कीवर उतरल्या होत्या आणि साडू गेल्या हिवाळ्यात मित्रांबरोबर बोर्डावर. राहिली साडूंची बायको. ती प्रसूती विभागात नर्स होती. तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, की मी वर्षभर पायांवर उभी असते, तिथे जाऊन मी कॅफेच्या खिडकीत बसणार आणि कुणी उठवलं तरी उठणार नाही. म्हणजे सगळा निवाडा आला चष्मेवाल्यांवर. ते काय शिकतात, यावरून कोण खरं ते ठरणार होतं.

चष्मेवाल्यांना निवाड्याची चांगलीच धास्ती होती. मागे एकदा कपाटाच्या रंगावरून त्यांनी साडूंची बाजू घेतली होती. तेव्हा पुढे कित्येक दिवस, चहा मिळेल का, असं विचारलं तरी 'कपाटालाच विचारा' असं उत्तर येत असे. त्याच्या आधी सोफ्याच्या प्रकरणात त्यांनी बायकोची बाजू घेतली, तर साडू लहान मुलासारखे रुसले आणि दर रविवारी येऊन मुद्दाम जमिनीवर बसू लागले. इकडे आड, तिकडे विहीर आणि मधल्या चिंचोळ्या जागेत आपला संसार, हे चष्मेवाल्यांना पुरतं कळून चुकलं होतं.

तेव्हा त्यांनी ते केलं, जे शांतताप्रिय माणूस करतो. रात्रीची भांडी पुसता पुसता बायकोला सांगितलं, की मी स्कीच शिकणार, पण साडूंना एवढ्यात सांगू नकोस, उगाच मन मोडेल. आणि दुसऱ्या दिवशी आपल्या चष्म्यांच्या दुकानातून साडूंना फोन करून सांगितलं, की मी बोर्डच शिकणार, पण हिच्या कानावर घालू नका. दोघंही खूष झाले. घरात इतकी शांतता पसरली, की ही युक्ती आपल्याला सोफ्याच्या वेळी का सुचली नाही, असं चष्मेवाल्यांना वाटून गेलं.

डोंगरावर पोहोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की थाप मारणं सोपं असतं, ती पायात घालून उभं राहणं अवघड. बायको म्हणाली, मी वरच्या मोठ्या उतारावर असेन, पण तिथून तुमचा वर्ग दिसतो, मी बघत राहीन. साडू हळूच कानात म्हणाले, वरून दोन-चार फेऱ्या मारून आलो की तुमचं शूटिंग करतो. नवशिक्यांचे दोन्ही वर्ग खालच्या छोट्या उतारावर शेजारी शेजारी भरत. मध्ये फक्त एक नारिंगी जाळी. स्कीचा वर्ग आधी आणि बोर्डाचा त्यानंतर. चष्मेवाल्यांनी एक लांब श्वास घेतला आणि दोन्हीकडे नाव घातलं.

तिथल्या प्रशिक्षण शाळेतर्फे सगळ्या नवशिक्यांना एकसारखी पिवळी जाकिटं मिळाली. त्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकापर्यंत मफलर. माणूस कोण, बाई कोण, काही कळायला मार्ग नव्हता. त्यातून गॉगलच्या आत चष्मा लावला की काच वाफेने पांढरी व्हायची. लोकांच्या डोळ्यांवर पोट भरणाऱ्या माणसाला शेवटी स्वतःचा चष्मा काढून खिशात ठेवावा लागला. आता समोर होते नुसते पिवळे ठिपके. त्यातला जो ठिपका बोलेल तो शिक्षक, असं मानून ते निघाले.

स्कीचे बूट म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर घालून वर कड्या लावल्यासारखा प्रकार होता. शिकवणारी बाई सांगत होती, पुढची टोकं जवळ आणा, मागची फाकवा, म्हणजे थांबाल. चष्मेवाल्यांनी टोकं जवळ आणली, ती एकमेकींवर चढली. मागची फाकवली, ती फाकतच गेली. साडूंचं म्हणणं अक्षरशः खरं होऊ पाहत होतं. प्रत्येक वेळी पडलं की सरकत्या पट्ट्यावर उभं राहून पुन्हा वर जायचं, आणि पट्ट्यासाठी रांग.

रांगेत त्यांच्या मागे एक जाडसर पिवळा ठिपका होता. तोही सारखा पडत होता. समदुःखी माणूस भेटला की चष्मेवाल्यांचं मन लगेच मोकळं होत असे.

"तुम्ही हौसेने आलात की कुणी ढकललं?" त्यांनी विचारलं.

ठिपका नुसता खोकला.

"मला ढकललंय," चष्मेवाले म्हणाले आणि त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बायकोला काय सांगितलं, साडूंना काय सांगितलं, सगळं. मग साडूंचं वर्णन केलं. हा गृहस्थ लिफ्टमध्ये उभा असला तरी ब्रेक कसा दाबावा ते सांगतो. माझ्या घरी येऊन मला माझाच टीव्ही लावून दाखवतो. आणि रुसला की जमिनीवर बसतो, माझ्यासारख्याने त्याला उठवायचं कसं?

ठिपक्याला खोकल्याची मोठी उबळ आली. तो रांग सोडून पलीकडे गेला तो पुन्हा जवळ आला नाही. काही लोकांना थंडी सोसत नाही, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

वर्ग संपल्यावर बूट बदलायला गेले, तर उजवा निघाला आणि डावा निघेना. पाय आत सुजला होता. भाड्याने बूट देणाऱ्या दुकानातल्या बाईने कडी सोडवली, मग टाच धरली, मग चष्मेवाल्यांना खुर्चीला घट्ट धरायला सांगून अशी ओढली, की बूट, मोजा आणि खुर्चीसकट चष्मेवाले असे तिन्ही जिन्नस तिच्याकडे आले. लंगडत लंगडत ते बोर्डाच्या वर्गाला पोहोचले तेव्हा शिक्षकाने बाकीच्यांच्या जोड्या लावून टाकल्या होत्या. एकच ठिपका एकटा उरला होता.

"तुम्ही यांचे हात धरा," शिक्षक त्यांना म्हणाला. "एकाने बोर्डावर उभं राहायचं, दुसऱ्याने समोरून धरून हळूहळू खाली न्यायचं. आणि एक लक्षात ठेवा. बघाल तिकडे जाल. झाडाकडे बघितलंत तर झाडावर जाल."

जोडीदार ठिपका बुटका होता, पण हातात जोर होता. चष्मेवाल्यांनी नमस्कार केला, तर त्याने मान हलवली. नाव विचारलं, तर पुन्हा मानच हलवली. सर्दीने घसा बसला असावा, असं समजून चष्मेवाल्यांनी बोलण्याचं काम स्वतःकडे घेतलं. हातात हात होते आणि समोरचा माणूस मध्ये बोलत नव्हता. अशी संधी त्यांना लग्नानंतर प्रथमच मिळत होती.

"माझी बायको आत्ता वर स्की करतेय," ते म्हणाले. "तिला वाटतंय मी पण स्कीच करतोय. काय सांगू तुम्हाला, ती घरातसुद्धा घंटा झाल्यासारखं बोलते. मी फोनवर बोललो की नंतर माझी वाक्यं दुरुस्त करते. तिचा साडूंवर राग आहे, पण खरं सांगू का, दोघं एकाच मातीची भांडी आहेत. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. या दोघांच्या मध्ये माझं भरीत झालंय."

हात एकदम घट्ट आवळले गेले.

"पडणार नाही, मी धरलंय," चष्मेवाले धीर देत म्हणाले.

मग पाळी बदलली आणि चष्मेवाले बोर्डावर चढले. आता जोडीदाराने त्यांना धरायचं होतं. दोन-चार पावलं धरलंही. मग, शिक्षकाने सांगण्याच्या बरंच आधी, हात सुटले. सुटले की सोडले, यावर पुढे बराच खल झाला, पण ते नंतर.

बोर्ड निघाला. चष्मेवाले आश्चर्याने ताठ उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला काहीतरी जमतंय, असं वाटण्याइतका वेळही त्यांना मिळाला. बोर्डाने वेग घेतला तशी मागून हाक आली.

"अहो, वाका."

जगात हजारो बायका 'अहो' म्हणतात. पण आपली मान ज्या एका 'अहो'ला वळते, ती मेंदूला न विचारता वळते. चष्मेवाल्यांची मान वळली. मानेमागून खांदे वळले, खांद्यांमागून बोर्ड वळला आणि बघाल तिकडे जाल या नियमाने ते सरळ नारिंगी जाळीत शिरले. जाळी त्यांच्यासकट पलीकडे गेली. पलीकडे वर्ग संपल्यावरही चिकाटीने सराव करत एक जाडसर ठिपका पुढची टोकं जवळ आणत येत होता. त्याला थांबता येत नव्हतं आणि चष्मेवाल्यांना वळता येत नव्हतं.

"साडूभाऊ, ब्रेक," ठिपका ओरडला.

मग दोन फळ्या, एक फळी, दोन काठ्या आणि दोन साडू यांचं जाळीत गाठोडं झालं. ते सोडवायला घाईघाईने बोर्ड बांधून पाठोपाठ आलेल्या बाईंनाही थांबता आलं नाही, आणि गाठोड्यात आणखी एका फळीची भर पडली.

गॉगल निघाले, मफलर सुटले. चष्मेवाल्यांनी खिशात हात घातला, तर चष्म्याची एक काडी आणि काचांचे तुकडे हाती आले. पण एवढ्या जवळून त्यांना चष्म्याशिवायही दिसलं. उजवीकडे स्कीच्या बुटात साडू. डावीकडे बोर्डाला बांधलेली बायको.

उलगडा करायला वेळ लागला नाही. साडूंचं बोर्डावरून पडून माकडहाड दुखावलं होतं ते गेल्याच हिवाळ्यात. आता गुपचूप स्की शिकून ताईंपुढे ऐटीत उतरायचं आणि 'यात काय आहे' असं म्हणायचं, असा त्यांचा बेत होता. बाईंचाही बेत तोच, फक्त फळी वेगळी. दोघंही सकाळी मोठ्या उताराच्या दिशेने हात हलवत गेले होते आणि वळसा घालून खाली आले होते.

चष्मेवाल्यांना वाटलं, सुटलो. दोघंही आपल्याइतकेच खोटं बोललेत. आता कुणी कुणाला काय बोलणार? मग बाईंनी हेल्मेटवरचा बर्फ झटकला.

"तुम्हाला यांनी काय सांगितलं होतं?" त्यांनी साडूंना विचारलं.

"बोर्ड."

"मला स्की."

"मला म्हणाले, हिच्या कानावर घालू नका."

"मला म्हणाले, साडूंचं मन मोडेल." बाई साडूंकडे वळल्या. "तुमच्याबद्दलही बोलले का काही? रांगेत वगैरे?"

"लिफ्टमध्ये ब्रेक दाबतो म्हणाले," साडू दुखऱ्या आवाजात म्हणाले. "तुमच्याबद्दल?"

"घरात घंटा वाजवते."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

कुणाचंही हाड मोडलं नव्हतं. लंगडत सगळे कॅफेत आले, तिथे साडूंची बायको शब्द दिल्याप्रमाणे खिडकीतून हललेली नव्हती. तिने तिघांना ओळीने पाहिलं आणि काही न विचारता सूप मागवलं. टेबलापाशी दोन बाकं होती. चष्मेवाले एका बाकावर बसले आणि बायको शेजारी येईल म्हणून सरकले. बायको समोर जाऊन साडूंच्या शेजारी बसली.

चष्मेवाल्यांना समोरचे दोघं आता धुरकट एकच डोंगर दिसत होते. त्या डोंगरातून आवाज येत होते. ताई, मी आधीपासून म्हणतो, हा माणूस साधा दिसतो पण आतल्या गाठीचा आहे. अगदी बरोबर बोललात, सोफ्याच्या वेळीसुद्धा तुमच्यावर अन्यायच झाला. ताई, कपाटाचा रंग तुमचाच चांगला होता, मी आपलं यांच्या नादाने बोललो. चष्मेवाल्यांनी एकदोनदा घसा साफ केला. दोन्ही वेळा डोंगर एका सुरात म्हणाला, "तुम्ही बोलू नका."

शेवटी त्यांना राहवेना. ते टेबलाला धरून अर्धवट उठले, की उभं राहून, हात जोडून, एकदाची दोघांची माफी मागावी आणि मोकळं व्हावं. तोच शेजारी बसलेल्या मेहुणीने त्यांची बाही धरून त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्याकडे झुकली.

"भाऊजी, चष्मा नाही म्हणून तुम्हाला दिसत नाहीये," ती हळू आवाजात म्हणाली, "पण ताई माझ्या नवऱ्याला स्वतःच्या वाटीतलं सूप वाढतेय. आणि ते घेतायत. लग्न झाल्यापासून मी हे पाहिलेलं नाही. आता गप्प बसा आणि जेवा. माफी मागितलीत तर सगळं बिघडेल."