कामथडीच्या लग्नात बोललेली पेटी

मोडकी वस्तू एकदा हातात घेतली की ती दुरुस्तीच्या लायकीची आहे का नाही हे आपल्याला कळतं, असं वेल्ह्याचा गेनबा छाती ठोकून सांगायचा. सेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात त्यानं पुण्याहून जुना लाउडस्पीकर आणला होता. आवाज मोठा करणारी पेटी, बोलायचा माईक आणि घंगाळाएवढं तोंड असलेला कर्णा. कामथडीच्या कोंडिबानं लेकीच्या लग्नाला तो सांगून ठेवला आणि व्याह्यांना तसं कळवूनही टाकलं.

लग्नाला दोन दिवस असताना गेनबा आणि त्याची बायको सगुणाबाई गाडी जुंपून निघाली. गुंजवणी नदीच्या उतारात गाडी कलंडली आणि पेटी थेट डोहात. गेनबानं ती बाहेर काढली, हलवली, कान लावला आणि निकाल दिला, "काय झालं न्हाई. नुसती भिजलीया."

तरी मनाची समजूत म्हणून दोघं भोरला वसंतरावांकडं गेली. वसंतराव कचेरीत कारकून, पण गावातले रेडिओ तेच उघडायचे. त्यांनी झाकण काढलं, आधी आतली मासोळी बाहेर ठेवली, मग चष्मा पुसला.

"दुरुस्त करण्याजोगी आहे. पण सामान पुण्याहून यायचं. महिना लागेल."

गेनबानं बोटांवर दिवस मोजले. कोंडिबाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"कर्णा धड हाय न्हवं?" सगुणाबाई म्हणाली. "मग मी हाय की."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती या डोंगरावर बोलली की पलीकडच्या डोंगरावरची माणसं उत्तर द्यायची.

मांडवात पडदा लावला. पडद्याआड कर्ण्याच्या बारक्या तोंडाशी सगुणाबाई बसली, पुढं गेनबा माईक धरून उभा राहिला. तो ओठातल्या ओठात बोलायचा, ती ऐकून कर्ण्यातून गर्जायची. मिशाळ बाप्याच्या तोंडून बाईचा आवाज कसा, असं वऱ्हाडी विचारू लागले. तारेतून येताना आवाज बारीक होतो, असं गेनबानं सांगितलं. लोकांना पटलं.

मग पडद्याच्या फटीतून पंगत बघता बघता सगुणाबाईला रंग चढला. गेनबाचं तोंड मिटलेलं असतानाच कर्णा कडाडला, "तांबड्या पटक्याचं पाव्हणं, उपरण्यात बांधलेलं लाडू ताटात ठेवा!"

पाहुण्यानं मुकाट्यानं सात लाडू काढून ठेवले. पेटीला डोळेही आहेत म्हणताना पंगत एकदम शिस्तीत आली. घटकाभरानं कर्ण्यानं पाणी मागितलं. मोटारीला लागतं तसं हिलाही लागत असेल, म्हणून कोंडिबा स्वतः कळशी घेऊन पेटीत ओतायला धावला. गेनबानं ती मधेच हिसकून पडद्याआड नेली.

लग्न गाजलं. भाटघरपासून पानशेतपर्यंत सुपाऱ्या आल्या. पण दर लग्नात बायकोला पडद्याआड किती दिवस बसवायचं? गेनबानं वसंतरावांकडून पेटी नीट दुरुस्त करून घेतली आणि भाटघरच्या लग्नात ऐटीत माईक हातात घेतला. स्वच्छ, खणखणीत, त्याचा स्वतःचा आवाज निघाला.

यजमानानं थोडा वेळ कान देऊन ऐकलं. मग जवळ येऊन गेनबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला,

"कामथडीला काय झ्याक बोलत हुती! बिघडली वाटतं. दुरुस्त करून घ्या, गेनबा."