हरण्याची चढाओढ

बाबा प्लंबर. त्यांनी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली आणि चिमीच्या चाकाच्या खुर्चीला बसवली. चिमीची बोटं वळत नसत. पण आता हनुवटीने नुसतं ढकललं की चेंडू पन्हळीतून घरंगळत थेट समोरच्या रिकाम्या बाटल्यांवर जाई. बाकीच्यांनी हाताने टाकायचा. जास्त बाटल्या पाडेल तो जिंकला.

इथवर सगळं छान होतं. पण पोरीलाच जिंकवायचं, असं घरातल्या तिघांनीही गुपचूप ठरवून टाकलं होतं. आजोबांचा चेंडू कपाटाखाली गेला. आईचा दुधाच्या पातेल्यात पडला. बाबांनी तर तो चक्क मागे फेकला.

"हात घसरला," बाबा म्हणाले.

"रोजच घसरतो," चिमी म्हणाली.

पोरांना काही कळत नाही, असं मोठ्यांना उगाच वाटतं. चिमीला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि फार वाईट वाटलं होतं. शेजारची मुलं हरली की हमरीतुमरीवर येत. तिच्याशी कोणी भांडतच नव्हतं. तिने डोक्याने ढकलून पन्हळ भिंतीकडे वळवली.

"अगं, बाटल्या इकडे आहेत."

"माहितीये. मला हरायचंय."

झालं, चढाओढ लागली. चिमीचा चेंडू भिंतीवर, आजोबांचा पलंगाखाली आणि बाबांचा उघड्या दारातून बाहेर, जिना चढून आलेल्या आत्याच्या गुडघ्यावर. आत्या शिवणकाम करायची. सुईत दोरासुद्धा तिच्या आधी कुणी ओवलेला तिला खपत नसे.

"कोण हरतंय?" गुडघा चोळत तिने विचारलं.

"सगळेच," आजोबा अभिमानाने म्हणाले.

"सरका."

आत्याने एका फटक्यात सगळ्या बाटल्या आडव्या केल्या. आई डोळ्यांनी खुणावत होती, आजोबा मुद्दाम खोकत होते. आत्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चिमी हरली, पुन्हा हरली आणि हसून हसून लाल झाली. मग तिने पन्हळ डोक्याने बोटभर डावीकडे सरकवली, श्वास रोखला आणि चेंडू सोडला. सगळ्या बाटल्या पडल्या. मग आत्याने टाकला, तिची मात्र एक बाटली उभी राहिली.

"जमीनच उतरती आहे," आत्या म्हणाली. "आणि पाइप असला की काय, कुणीही जिंकेल."

"हरलीस," चिमी म्हणाली.

आत्या फुरंगटून आतल्या खोलीत गेली, ती जेवायला हाक मारली तरी येईना. आई समजूत काढायला उठली, तसं चिमीने तिला थांबवलं.

"राहू दे ना जरा," ती म्हणाली. "माझ्यावर पहिल्यांदाच कुणीतरी खरंखुरं रुसलंय."