नत्थुजींचा केवडा

"पोरीचा मुका मिठावानी खारा लागते वं. घरातली गोष्ट घरातच ठेवजो." बारा वर्षांपूर्वी बाळंतिणीच्या खोलीत सासूबाई असं कुजबुजल्या होत्या. त्या गेल्या, कुजबूज मात्र कौशल्याच्या कानात राहिली.

आज दर्यापूरच्या त्या माळ्याघरी थोरल्या लेकीची, जयवंताची, लग्नाची सुपारी फुटायची होती. धाकटी सुभद्रा, तीच खारी, आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून खोकत होती. जन्मापासूनच्या खोकल्याचं घर म्हटल्यावर अकोटचे पाहुणे चहासुद्धा न घेता उठले असते.

अमरावतीच्या डॉक्टरांनी महायुद्धानंतर आलेलं नवं पेनिसिलिन दिलं होतं. काचेचं नळकांडं, शेपटाला रबरी फुगा. फुगा दाबायचा आणि निघेल ते धुकं पोरीनं छातीत ओढायचं. "थंड जागी ठेवा," डॉक्टर म्हणाले होते. माळ्याच्या घरात थंड जागा एकच : मोगऱ्याची टोपली, ओल्या फडक्याखाली.

हार काढायला गेलेल्या नणंदेला, पार्बताबाईंना, ते तिथंच सापडलं.

"कौसल्ये, अत्तराची पिचकारी लपवून ठेवली काय वं? भलती चिक्कू तू!" म्हणत त्यांनी पहिला फवारा थेट व्याह्यांच्या अंगावर सोडला.

कौशल्या दारातून पुढे सरसावली. बोलावं तर थोरलीचं लग्न मोडतं. गप्प राहावं तर धाकटीचा श्वास पाहुण्यांच्या पागोट्यांवर उडतो.

"बाई, पुरे करा न आता."

"अवं, पाहुन्याईचा मान असते!" फुस्स.

व्याही नत्थुजी फुलांचे व्यापारी. टोपली न उघडता फुलांचा मळा ओळखणारं नाक, अशी त्यांची ख्याती. सारी बैठक त्यांच्याकडे पाहू लागली. त्यांनी डोळे मिटले.

"केवडा. पहिल्या बहराचा."

"मले त भाकरीवरच्या बुरशीचा वास येऊन राह्यला," त्यांची बायको गोदाबाई म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

मग सगळ्यांनाच केवडा येऊ लागला. कोणी बाही पुढे केली, कोणी टोपी. "माह्या उपरण्यावर मारा अजून!" नत्थुजी म्हणाले. नळकांड्याचा तळ दिसू लागला, आणि आतून सुभद्राचा खोकला पदर फाडून बाहेर आला.

कौशल्यानं नळकांडं हिसकावलं. "अत्तर नाई हे! माह्या सुभद्राचं औषध हाय. जन्मापासून छातीचं दुखनं हाय तिले. आता मोडाची असन सुपारी, त मोडा!"

तिचा नवरा देवीदास पानाचं तबक धरून तसाच उभा. पाहुण्यांना मात्र दुखण्यापेक्षा आपल्याला आलेल्या केवड्याची चिंता. सगळे नत्थुजींकडे वळले.

नत्थुजींनी तपकिरीची डबी काढली, पाहिली, परत खिशात घातली.

"सुपारी फोडा. औषध उद्याच फुलाच्या गाडीसंगं अमरावतीहून येईन."

मग ते कौशल्याजवळ आले आणि सासूबाईंइतक्याच हळू कुजबुजले, "विहीनबाई, तपकिरीनं माहं नाक मेलं, त्याले लई वर्सं झाली. मळा ओळखते ते गोदी. घरातली गोष्ट घरातच ठेवजा."