तिरकी नळी

"पाण्याचा प्रॉब्लेम आहे हो," असं मंचरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं फोनवर सांगितलं, तेव्हा एलियाह झिराडकरचं डोकं असं फिरलं, की त्यानं फोन टेबलावर आपटला आणि मग तो चालू आहे का हे बघायला परत उचलला. फोन चालू होता. सेक्रेटरीही चालूच होता. "उन्हाळ्यात तर टँकरसुद्धा येत नाही..."

"काल तर म्हणालात चोवीस तास पाणी!"

"काल होतं," म्हणून सेक्रेटरीनं फोन ठेवला.

काल आणि आज यांच्यामध्ये एवढंच घडलं होतं, की भाड्याचा फ्लॅट दाखवून झाल्यावर सेक्रेटरीनं "मिसेस कधी येणार?" असं विचारलं होतं, आणि एलियाहनं शेजारी बसलेल्या रूबेनच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "मिसेस नाहीत. आमचा दोघांचाच संसार आहे." झालं! रातोरात अख्ख्या सोसायटीची विहीर आटली.

एलियाह नारायणगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशिनं दुरुस्त करायचा. रूबेन किहीमकर घोडेगावच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. दोघंही कोकणातले मराठी ज्यू, शिकत असल्यापासून एकत्र. आता त्यांना पुण्याच्या एका अनाथाश्रमातून मूल घरी आणायचं होतं. मुलगा दीड वर्षाचा होता, भेटायला गेलं की रूबेनच्या चष्म्यावर झडप घालायचा आणि एलियाहला बघून भोकाड पसरायचा. कायद्यानं कागदावर बाप एकच, म्हणून तिथं रूबेनचं नाव होतं. पण मूल हातात देण्याआधी आश्रमाच्या बाई घर आणि शेजार बघायला येणार होत्या. आणि घराचाच पत्ता नव्हता. कॉलेजमागच्या त्यांच्या खोलीत दोन खाटा टाकल्या की दार उघडत नसे.

जुन्नरला घरमालकाची पुतणी अचानक अमेरिकेहून कायमची परत यायला निघाली. नारायणगावला मालकानं आधी विचारलं, "ज्यू म्हंजी नेमके कोण?"

"शनिवार तेली," एलियाह म्हणाला. "आमचे पणजे कोकणात तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे."

"मग तुमी तेल्यांच्यात का न्हाई बघत घर?"

त्यानंतर रूबेननं एलियाहला बाहेर काढलं म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी मालकाच्या दाराचं काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याच घरात वास्तुदोष निघाला.

"तोंडावर सांगा ना, तुम्ही नको म्हणून!" एलियाह खोलीत येरझारा घालत ओरडला. खोलीत येरझारा म्हणजे जागच्या जागी वळणंच होतं. "पुतणी काय, टँकर काय! एकाच्याही अंगात खरं बोलायची धमक नाही!"

"पुढच्या घरात तू तोंड उघडायचं नाहीस," रूबेन म्हणाला. "मुलगा हवाय ना तुला?"

एलियाहला मुलगा हवा होता. म्हणून शिनोलीला सावळेरामचं घर बघायला गेल्यावर तो दातावर दात दाबून उभा राहिला. सावळेराम स्वतः मंचरला राहायला गेला होता आणि आळीतलं घर रिकामं पडलं होतं. "दोघं भाव भाव का?" त्यानं विचारलं. रूबेन खोकला. सावळेरामनं तो खोकला होकार समजून किल्ली दिली.

घरात शिरल्यावर एलियाहनं पहिलं काम केलं ते दाराच्या चौकटीला मेझुझा ठोकायचं. मेझुझा म्हणजे बोटाएवढी पितळी नळी, आत प्रार्थनेची गुंडाळी. ज्यू माणसाच्या दाराला ती असतेच. तो ठोकत असताना शेजारच्या धोंडाबाई कंबरेवर हात ठेवून मागं येऊन उभ्या राहिल्या. धोंडाबाईंचा आवाज असा, की त्या घरात कुजबुजल्या तरी आळीतली कुत्री उठून बसत.

"वाकडी लागली रं ती!"

"तिरकीच लावतात, मावशी. उभी लावायची का आडवी, यावर आमच्या जुन्या पंडितांचं भांडण झालं. मिटेना, म्हणून तिरकी."

"म्हंजी तुमच्यात बी भांडत्यात! बरं वाटलं. आन तुमी दोघं कोन? सावळ्या म्हनला, भाव हायेत. तोंडावळा तर काय जुळंना."

एलियाहनं आत बघितलं. रूबेन नळाशी होता. किती दिवस दाबून ठेवलेलं एकदम उसळलं. "भाऊ नाही! नवरा-बायको राहतात तसे राहतो आम्ही. आता तुम्हीही सांगा, पाणी येत नाही म्हणून!"

धोंडाबाईंनी दारातून मान आत घालून नाक ओढलं. मग म्हणाल्या, "सैपाक कोन करतं?"

"मी."

"तरीच करपल्याला वास येतोय." आणि त्या गेल्या.

बातमी सावळेरामपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शुक्रवारी संध्याकाळी रूबेन शनिवारच्या पवित्र दिवसाच्या मेणबत्त्या लावत होता तेवढ्यात तो दारात उभा. आत येईना, डोळ्याला डोळा देईना.

"ती नळी काढा पावणं. लोकं म्हंत्यात करनी हाय."

"कोण लोकं?" एलियाहनं विचारलं.

"लोकं म्हंजी लोकं. नळी लावल्यालं घर आपल्याला आळीत नको. रविवारपत्तुर काढा, न्हाईतर सोमवारी मी कुलूप लावनार."

सोमवारीच आश्रमाच्या बाई येणार होत्या. एलियाहनं त्यांना फोनवर पत्ता पण सांगून ठेवला होता, की आळीत ज्या दाराला तिरकी नळी दिसेल ते आमचं घर.

"अरे, नळीचं नाव कशाला पुढं करतोस?" एलियाह किंचाळला. "आम्ही नको आहोत असं सांग की सरळ! एकदा तरी कुणीतरी सांगा रे!"

"म्या तसं कुटं म्हनलं? नळीचं म्हनलं," असं पुटपुटत सावळेराम गाडीला किक मारून पसार झाला.

रात्रभर दोघं भांडले, आणि ते सगळ्या आळीनं ऐकलं, कारण एलियाहला हळू भांडता येत नसे. रूबेनचं म्हणणं, चार दिवस नळी काढू, पोराला आधी घरात येऊ दे. एलियाहचं म्हणणं, आज नळी काढली की उद्या म्हणतील रूबेनला काढ. "आणि पोरगं मोठं झाल्यावर काय सांगायचं त्याला? तुझ्यासाठी आम्ही आमच्याच दारातून चोरासारखे आत शिरलो?"

"पोरगं आलंच नाही तर सांगणार कुणाला?" रूबेन म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. एलियाह आणखीच चिडला. पण नळी काही त्यानं काढली नाही.

सोमवारी सकाळी फोन वाजला. आश्रमाच्या तेजस्विनीबाई होत्या; दोघांना त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. "मिस्टर झिराडकर, मी तुमच्या आळीत उभी आहे. पण इथं तर सगळ्याच दारांना तिरकी नळी आहे!"

एलियाह धावत बाहेर आला आणि जागीच थबकला. गेणभाऊंच्या दाराला नळी. भिमाजीच्या दाराला नळी. ठिबक सिंचनाच्या काळ्या पाइपाचे तुकडे, वरून खिळा ठोकून तिरके बसवलेले, पार मारुतीच्या पारापर्यंत. आणि धोंडाबाईंच्या दाराला सगळ्यांत लांब, हातभर.

टिंगल! घर काढून घ्या, पोरगं मिळू देऊ नका, पण चेष्टा? "काय तमाशा लावलाय हा?" तो ओरडला आणि धोंडाबाईंच्या दाराचा पाइप त्यानं उपटून काढला. "आमची प्रार्थना आहे ती! खेळ वाटला का तुम्हाला?"

"ए तापट्या! ठेव ती नळी!" धोंडाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. रूबेन धावत आला. तेजस्विनीबाई पर्स छातीशी धरून बघत होत्या. आणि नेमका त्याच वेळी सावळेराम हातात भलंमोठं कुलूप घेऊन गाडीवरून उतरला.

"ये सावळ्या, ये," धोंडाबाई म्हणाल्या. "तुझीच वाट बघत व्हते. नळी लावल्यालं घर तुला आळीत नको ना? मंग कुलपं आन पोतंभर. ह्या गेनभाऊला काढ. भिमाजीला काढ. तुझा सख्खा चुलता रखमाजी, त्याला बी काढ, त्याच्या दाराला दोन हायेत."

"मागल्या दाराला बी लावलीय," रखमाजी ओट्यावरून म्हणाला.

सावळेरामनं सगळ्या आळीवरून नजर फिरवली. "मावशे, ह्यांचं येगळं हाय..."

"काय येगळं हाय? सांग की मोठ्यानं! ह्या पुन्याच्या बाई बी ऐकू दे."

खरं कारण सावळेरामच्या ओठांवर आलेलं सगळ्यांना दिसत होतं, पण ते चारचौघांत, परक्या बाईसमोर बोलायचं म्हणजे पंचाईत. "नळीचं काय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "म्या आपलं... कुलूप जुनं झालतं. नवीन द्यायला आलतो." आणि ते कुलूप रूबेनच्या हातात ठेवून तो गेला.

एलियाह हातात पाइप घेऊन तसाच उभा होता. राग भरपूर शिल्लक होता, पण कुणावर काढायचा ते समजेना. "मला सांगायचं तरी होतं, मावशी," तो चिडूनच म्हणाला.

"तू ऐकतो का कुनाचं? आवो बाई, रात रात भांडतोय ह्यो. दुसरा मातूर गुनाचा. भाजीत मीठ न्हाई दोघांच्या बी."

तेजस्विनीबाईंनी घसा साफ केला. "मला फक्त मुलाच्या वडिलांशी बोलायचंय. वडील कोण?"

रूबेन पुढं व्हायला निघाला, पण धोंडाबाईंनी हात आडवा घातला.

"कंचा पायजे?" त्यांनी विचारलं. "शांत का तापट?"

रूबेनचा हात त्या कुलपावर घट्ट आवळला गेला. तेजस्विनीबाईंनी दोघांकडे नीट पाहिलं, मग धोंडाबाईंच्या दाराला उरलेल्या मोडक्या खिळ्याकडे, मग ओट्याओट्यांवर दाटीनं उभ्या असलेल्या माणसांकडे.

"कागदावर मला एकच लिहिता येतो," त्या म्हणाल्या. "पण मुलगा झोपणार कुठं ते मला दाखवा. चला, दोघंही चला आत."

एलियाह रूबेनच्या पाठोपाठ उंबऱ्यापर्यंत पोचला. रिवाजाप्रमाणे दाराच्या पितळी नळीला बोट टेकवलं, ते बोट ओठांना लावलं, डोळे पुसले.

"ए तापट्या!" मागून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज आला. "बाई गेल्या की माजी नळी आदी ठोकून दे! आन तिरकी ठोक, सरळ ठोकलीस तर याद राख!"